रानफणसाला आलेला चाफा

भिवंडीत कामतघरला आमच्या घरामागे एक अरुंद बोळ होता. एका बाजूला आमच्या मोरीची भिंत, दुसऱ्या बाजूला पॉवरलूमच्या शेडची. मधल्या जागेत एक झाड होतं. ते कोणी लावलेलं नव्हतं. मी शाळेत जायला लागले तेव्हा ते माझ्याएवढं होतं, आणि कॉलेजात गेले तेव्हा लूमच्या पत्र्यांच्याही वर गेलं होतं. बाबा त्याला रानफणस म्हणत. आत्याला ते पटायचं नाही. ती म्हणायची, फणसाचं पान मोडलं की चीक येतो, ह्याला तर काहीच येत नाही. मग काय आहे, असं विचारलं की मात्र तिलाही सांगता यायचं नाही. त्याला कधी फूल आलं नव्हतं, फळ आलं नव्हतं. आईचं म्हणणं एवढंच, की काहीही असो, दोरी बांधायला बरं आहे.

त्या दोरीवर माझे कपडे वाळत. आईची आणि आत्याची पातळं लांब, ती पुढच्या अंगणात घालावी लागत. पण वयात आलेल्या मुलीचे कपडे पुढे नकोत, शिफ्ट सुटली की लूमचे कामगार दारावरूनच जातात, असं आत्याने ठरवून टाकलं होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची आणि गावातल्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून ड्युटी करायची. बाबा पाणीखात्यात होते. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून कोणत्या वस्तीला कधी पाणी सोडायचं ते पाहणं, हे त्यांचं काम. आई घरी असे आणि संध्याकाळी विहारात बायकांना वाचायला शिकवायला जाई. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दुपारी नाक्यावर टायपिंगच्या क्लासला जायचे. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती.

पाऊस सरत आला होता. एका संध्याकाळी आई पोळ्या करता करता थांबली आणि म्हणाली, घरात कसला तरी वास येतोय. आमच्याकडे वासांची कमी नव्हती. लूमच्या तेलाचा वास होता, पलीकडच्या सायझिंगमध्ये सुताला लावायची खळ शिजे तिचा होता, उघड्या गटाराचा होता. पण हा तसला नव्हता. हा गोड, दाट वास होता, आणि यायचा तसाच मध्येच नाहीसा व्हायचा. बाबांना विचारून उपयोग नव्हता. तपकिरीने त्यांचं नाक केव्हाच निकामी झालं होतं. तरी ते म्हणाले, सायझिंगवाल्याने खळीत नवीन काही घातलं असेल. आत्या ड्युटीवरून फिनेलचा वास घेऊन यायची, त्यामुळे तिला आल्याआल्या काही कळायचं नाही. हातपाय धुऊन बसली की मग म्हणायची, "येतोय खरा. चाफ्याचा हाय."

आई म्हणाली, फुलं तर घरात नाहीत. म्हणजे मग अत्तर.

अत्तर हा शब्द उच्चारला गेला आणि घरातली हवा बदलली. मला ते लगेच कळलं नाही. दोन-तीन दिवसांनी मी क्लासला निघाले तर आईने मला दारात थांबवलं, माझी ओढणी हातात घेतली आणि नाकाला लावली. मग शांतपणे विचारलं, हे कोणी दिलं. मी म्हणाले, ओढणी? तूच तर आणलीस. ती म्हणाली, ओढणी नाही, वास.

मी ओढणीचा वास घेतला. खरंच येत होता. इतका स्पष्ट, की माझी मलाच लाज वाटली. क्लासच्या वाटेवर अत्तराची दोन दुकानं होती. दुकानदार काचेच्या बाटल्यांपुढे बसलेले असत आणि कापसाचे बोळे ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या कानात खोवत. तिथून जाता-येताना वास कपड्यांत बसत असेल, असं मी सांगितलं. आईने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दुकानं टाळून मागच्या गल्लीने गेले. परत आले तेव्हा ओढणीला वास होताच. आता तर माझ्याकडे सांगायलाही काही उरलं नव्हतं.

पुढचे दिवस मी फार गोंधळात काढले. क्लासमध्ये माझ्या शेजारी कोण बसतं, रिक्षात कोण होतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी वही कोणी मागितली होती, हे सगळं मी मनात उगाळत बसायचे. कोणीतरी मुद्दाम माझ्या कपड्यांना अत्तर लावत असेल का, असंही वाटून गेलं. आई माझी पेटी उचकते हे मला माहीत होतं. तिला तिथे काहीच सापडत नव्हतं, पण पेटीतल्या धुतलेल्या कपड्यांनासुद्धा वास येत होता, आणि त्यामुळे तिचा संशय जास्तच पक्का होत होता. बाबांना तिने सांगितलं की नाही, मला कळलं नाही. ते एकदा माझ्याजवळ येऊन बसले, तपकिरीची डबी उघडली, मिटली आणि अभ्यास कसा चाललाय विचारून उठून गेले.

एका सोमवारी आई म्हणाली, क्लासला जायचं नाही. कॉलेज तेवढं चालू ठेव. त्याच आठवड्यात आत्याने स्थळ आणलं. तिच्या प्रसूतिगृहातल्या एका नर्सचा भाचा, कल्याणला राहणारा, टेलिफोन खात्यात नोकरीला. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, बोलणं ऐकू येतं, म्हणून त्यांना शुक्रवारी बोलावलं. मुलगा, त्याची आई आणि मामा आले. मुलाला इतकी सर्दी झाली होती की तो पहिली दहा मिनिटं रुमालातच होता. त्याच्या आईने मला मार्क विचारले. मामा बाबांशी पाण्याच्या टंचाईवर बोलत राहिले. मग आम्हा दोघांना बोलायला म्हणून ओट्यावर पाठवलं. तो म्हणाला, "माफ करा, मला आज कशाचाच वास येत नाही. चहात आलं होतं का, तेसुद्धा कळलं नाही. आई विचारेल, चहा कसा होता, म्हणून विचारतो."

मी म्हणाले, आलं होतं. तेवढ्यावर मला तो आवडला की काय, मला ठरवता येईना. पण ज्या माणसाला माझ्या ओढणीचा वास येत नाही अशा माणसाशेजारी उभं राहून मला हलकं वाटलं, एवढं खरं.

त्यांचा होकार आला. आत्याने शब्द देऊन टाकला. मला कोणी विचारलं नाही आणि मीही काही म्हणाले नाही. नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? आईला वाटलं असतं, कारण दुसरंच आहे.

शेजारच्या चाळीत तेलंगणातली विणकर मंडळी राहत. त्यांच्यातल्या एका बाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का लूमसाठी बाबिणीवर सूत भरायचं काम करायच्या आणि त्यांची हिंदी आमच्या हिंदीपेक्षा वेगळीच होती. त्या एका संध्याकाळी आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "ताई, तुम्हारे घर रोज शाम को संपेंगा आता ना? मेरे को मालूम पडता."

आई म्हणाली, "कौन?"

"संपेंगा. चार दिन से देख रही, मांगना कैसा करके. मेरी लडकी को भी होना."

आई उंबऱ्यावरच बसली. मी आत भाजी निवडत होते. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "हा संपेंगा कोण?"

मला आजही तो क्षण आठवला की हसू येतं. मी खरोखर विचार करायला लागले, की अशा नावाचा कोणी आपल्याला माहीत आहे का. लूममध्ये माग दुरुस्त करणारा एक उंच जॉबर होता, त्याचं आडनाव काहीतरी असंच होतं. तो रोज संध्याकाळी आमच्या दारावरून जायचा. त्याने कधी माझ्याकडे पाहिलं होतं का? मला आठवेना. आणि माझा चेहरा पाहून आईला जे कळायचं ते कळलं, म्हणजे जे मुळात नव्हतंच ते कळलं.

अक्का आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. त्यांनी कानामागे केसांत फूल खोचल्यासारखं केलं, म्हणाल्या, "फूल, ताई, फूल," आणि आईचा हात धरून तिला थेट घरातून मागच्या बोळात घेऊन गेल्या. मीही गेले. अक्कांनी वर बोट केलं. वर नुसती पानं दिसत होती. लांबट, टोकदार, कडेला जराशी लाटदार, नेहमीचीच. खूप वेळ मान मोडून पाहिल्यावर पत्र्याच्या वरच्या अंगाला, पानांच्या बेचक्यात, काहीतरी पिवळं दिसलं. वाळलेलं पान असावं तसं.

आत्या तेवढ्यात ड्युटीवरून आली होती. तिने बांबूला आकडा बांधून दिला. मी पिंपावर चढून फांदी खाली ओढली. फुलं दोनच हाती लागली, बाकी पाकळ्या होऊन दोरीवर, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडल्या. पाकळ्या अरुंद, नारिंगी, हळदीत कुंकू मिसळल्यासारख्या. आईने एक फूल नाकाला लावलं. मग दोरीवरची माझी ओढणी हातात घेऊन तिचा वास घेतला. पुन्हा फुलाचा घेतला. आई आत निघून गेली आणि अक्कांनी ती दोन्ही फुलं मुलीसाठी नेली.

माझी सुटका झाली, असं मला वाटायला हवं होतं. पण आई त्या रात्री जेवताना म्हणाली, अक्कांच्या भाषेत संपेंगा म्हणजे सोनचाफा असेल, पण हा सोनचाफा नसेल. सोनचाफा बंगल्यात लावतात, त्याचं कलम आणावं लागतं, तो गटाराच्या कडेला आपोआप उगवत नाही. शिवाय बाजारातला पिवळा असतो, हा तर नारिंगी. आत्याला तिच्या गावचा चाफा माहीत होता, तो पांढरा, बिनपानांचा, फांदी मोडली की दूध गाळणारा. ती म्हणाली, "चाफा म्हनशील तर तो चाफा. ह्यो कोन, देव जाने." बाबा म्हणाले, फणसाला चाफ्याचा वास आला असेल. मला कळेना, की हे सगळे झाडाबद्दल बोलतायत की माझ्याबद्दल. झाड चाफा ठरलं तर मी निर्दोष, आणि रानफणस ठरलं तर?

दुसऱ्या दिवशी मी फांदीचा एक तुकडा आणि पाकळ्या कॉलेजात नेल्या. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम नव्याने आल्या होत्या आणि फार कमी बोलायच्या. त्यांनी पाकळ्या बाजूला ठेवल्या आणि आधी फांदीच पाहिली. मला भिंग देऊन पान जिथे दांड्याला जोडलेलं असतं तिथे काय दिसतं ते सांगायला लावलं. मी म्हणाले, दांड्याभोवती गोल रेघ आहे. त्या म्हणाल्या, कळी एका आवरणात गुंडाळलेली असते, पान उमललं की ते आवरण गळतं आणि त्याचा असा वण राहतो, बांगडी काढल्यावर मनगटावर राहतो तसा. असा वण कोणाकोणाला असतो? मी वड म्हणाले, पिंपळ म्हणाले, आणि मग घाबरत म्हणाले, फणस.

"बरोबर. तुमचे वडील अगदीच चुकले नव्हते," त्या म्हणाल्या. "पण त्या सगळ्यांना चीक असतो. ह्याला?"

ह्याला नव्हता. फणस नाकारणारी आत्या बरोबर होती आणि फणस म्हणणाऱ्या बाबांकडेही कारण होतं, हे ऐकून माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मॅडमनी सांगितलं, की पांढरा चीकवाला चाफा वेगळ्याच कुळातला, तो बाहेरच्या देशातून आलेला. आपल्याकडचा मूळचा तो सोनचाफा, मॅग्नोलियाच्या कुळातला. बियांपासून वाढला की फुलायला वर्षानुवर्षं घेतो, आणि रंग असाच गडद येतो. पण त्यांनी खात्रीचं उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, फळ धरतंय का बघा. ओबडधोबड दाण्यांचा घोस येईल, तो तडकून आत लाल बी दिसलं, तर मग शंका नको. पक्षी ते बी खातात आणि कुठेही टाकतात. तुमच्या गटाराशी तसंच आलं असेल.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, सोमवारपासून क्लासला जा. सोमवारी ती स्वतः माझ्याबरोबर नाक्यापर्यंत चालत आली, अत्तराच्या दुकानांवरूनच, आणि वाटेत कोथिंबिरीबद्दल बोलत राहिली.

लग्नाचं काय, हा प्रश्न मग उरला. ज्या कारणासाठी घाई केली होती ते कारण झाडावर सापडलं होतं. आई आत्याला म्हणाली, थांबव. आत्या म्हणाली, "आता कसं थांबवू, वयनी? चांगलं मानूस हाय. काय सांगू त्यांना, आमच्या झाडाला फुलं आली म्हनून?" दोघींचा वाद दोन-तीन दिवस चालला. शेवटी बाबांनी मला मागच्या बोळात नेलं आणि सरळ विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. ते खोटं नव्हतं. हे स्थळ आईच्या संशयातून आलं म्हणून मला नको होतं, आणि तो मुलगा मात्र नको नव्हता. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून सोडवता येत नव्हत्या. बाबा म्हणाले, मग त्यांना सांगतो, पदवी झाल्यावर बघू. थांबले तर थांबले. ते थांबले. मुलाने निरोप पाठवला, की त्याला घाई नाही, आणि सर्दी बरी झालीय.

हिवाळ्याच्या तोंडाला घोस धरला. दाणे तडकले, आत लाल बी होतं. मी तो घोस मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या हसल्या आणि वर्गाला दाखवायला ठेवून घेतला.

झाडाचं नाव ठरलं आणि झाडाची शांतता गेली. इतकी वर्षं त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता पुढच्या मोसमात अक्कांच्या चाळीतल्या बायका सकाळीच आकडा मागायला येऊ लागल्या. आई विहारात फुलं न्यायची, उरलेली खोबरेल तेलात घालून बरणी उन्हात ठेवायची. इथवर ठीक होतं. पण कोणी सांगितलं, की सालीचा काढा तापावर चालतो. लूममधला एक उत्तर प्रदेशचा कामगार म्हणाला, हमारे यहाँ चंपा की छाल से पेट साफ होता है. लोक मला विचारायला आले, तू शिकतेस ना, सांग. मी ग्रंथालयातली पुस्तकं काढली. सोनचाफ्याच्या सालीचा तापावरचा उपयोग लिहिलेला होता. पांढऱ्या चाफ्याच्या सालीने जोराचे जुलाब होतात, हेही होतं. दोघांनाही लोक चाफाच म्हणत, चंपाच म्हणत. मी कोणालाही काहीच सांगितलं नाही, फक्त डॉक्टरकडे जा म्हणाले, आणि शिकून काही उपयोग नाही असं ऐकून घेतलं. एका सकाळी झाडाच्या बुंध्यावरची हातभर साल कोणीतरी तासून नेलेली दिसली. आईने त्या जागी शेणमाती लिंपली आणि वर गोणपाट बांधलं. ज्या झाडावरून तिने मला अडवून ठेवलं होतं, त्याच्यासाठी ती सबंध चाळीबरोबर भांडली.

पदवी झाल्यावर माझं लग्न झालं, त्याच मुलाशी. कल्याणला गेले, एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची नोकरी लागली. नवरा चांगला निघाला. कधीकधी मला वाटायचं, ते झाड एक वर्ष उशिरा फुललं असतं तर मी कुठे असते? हे मी नवऱ्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्या कोणाच्या तरी घरी, आणि पेपर वाचायला लागला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बोळ आणि आमच्या घराची जागा लूमच्या मालकाने नव्या शेडसाठी घेतली. आईबाबा आणि आत्या काल्हेरला, एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायला जाणार होते. सामान बांधायला मी गेले होते तेव्हा आईला विचारलं, तेव्हा तुला नक्की कोणाचा संशय होता? ती भांडी कागदात गुंडाळत होती. म्हणाली, "कोणाचाच नाही. कोणी असेल तर असू दे, असंही वाटलं होतं. तू मला सांगत नाहीस, याचा राग होता."

मी म्हणाले, सांगायला काही नव्हतंच. ती म्हणाली, ते मला नंतर कळलं. पण तोवर राग येऊन गेला होता. तेव्हा मला वाटलं, की मी इतकी वर्षं तिला चुकीचं ओळखत होते. की आता ओळखतेय ते चुकीचं? तिने पुढचं भांडं उचललं.

झाड तोडायला आलेल्या सुताराला आईने एक फळी मागितली होती. तो बुंधा घेऊन गेला आणि बऱ्याच दिवसांनी काल्हेरच्या घरी रंधा मारलेली एक फळी आणून दिली. फिकट पिवळसर तपकिरी, हलकी. बाबा म्हणाले, हे आपल्या झाडाचं लाकूड कशावरून? त्याच्याकडे शंभर लाकडं असतात. आईने मला बोलावलं. मी शाळेतलं भिंग घेऊन गेले, रेषा पाहिल्या, नाकाला लावून पाहिली. वास नव्हता. मॅडमनी मला फांदी ओळखायला शिकवलं होतं, फूल आणि फळ शिकवलं होतं, लाकूड नाही. मी आईला म्हणाले, असेलही, नसेलही. तिने आत्याला स्टूल धरायला सांगितलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर ती फळी ठोकून घेऊन त्यावर डाळींचे डबे मांडले.